कंपनीचा धूर की चुलीचा? सासूबाईंच्या फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सासूबाई ५८ वर्षांच्या. बिडी-सिगारेट आयुष्यात कधी नाही. चार महिने खोकला, मग फुप्फुसात गाठ, आणि तुकडा तपासल्यावर अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार. गावापासून तीन किलोमीटरवर रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि रात्री वास येतो. घरात सहा वर्षांपासून गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भात उकडणं अजून लाकडावरच. त्यांचे प्रश्न असे: हे कंपनीच्या धुरानं झालं का? मुलांना घेऊन गाव सोडावं का? मुलांचे एक्स-रे काढून घ्यावेत का?

ताई, मी छातीच्या आजारांची डॉक्टर आहे आणि सत्तावीस वर्षं कोकणातच काम करते आहे. सासूबाईंना आधी एवढं सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही. "मी तर कधी बिडीला हात लावला नाही, मग मलाच का?" असं विचारणाऱ्या कितीतरी काकी माझ्यासमोर बसलेल्या आहेत. घरात कुणी देवाचं काही राहिलंय म्हणेल, कुणी कंपनीला शिव्या देईल. दोघांचंही ऐकून त्या आणखी खचतील. न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, आणि आपल्याकडे फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या बायकांपैकी बहुतेकींनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं.

आता पहिला प्रश्न. एका माणसाचा कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे गाठीचा तुकडा पाहून सांगता येत नाही. गाठीवर कंपनीचं नाव नसतं आणि चुलीचंही नसतं. सांगता येतं ते एवढंच, की हवेतला धूर कर्करोगाला कारण ठरतो का, कोणता धूर किती, आणि तुमच्या घरात त्यातला कुठला जास्त पोहोचला असेल.

धूर कारण ठरतो, यावर आता वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या ल्याँ शहरात आहे. तिने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला आणि त्या हवेतल्या सूक्ष्म कणांना पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टी. तंबाखू, अ‍ॅस्बेस्टॉस आणि बेन्झीन त्याच गटात आहेत. डिझेल इंजिनाचा धूर आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्यात गेला होता. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूरही पहिल्या गटात आहे. लाकूडफाट्याचा धूर त्याखालच्या गटात, 'बहुधा होतो' असं म्हटलेल्यांत आहे. या गटांबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. डिझेलचा धूर आणि सिगारेट एकाच गटात आहेत म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही.

मग धोका किती? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून निघालेला एक ढोबळ आकडा आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमनं वाढले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण ९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एखाद्या लोकवस्तीत १०० जणांना हा रोग होणार असेल, तर तिथे १०९ जणांना होईल. याच्या तुलनेत वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याचा धोका १५ ते ३० पटींनी वाढतो. आकडे सांगण्याचं कारण असं, की एका माणसापुरता हवेचा वाटा लहान आहे. पण सिगारेट थोडेच लोक ओढतात, हवा मात्र सगळा गाव ओढतो, म्हणून तालुक्याचा हिशेब मांडला की तो लहान राहत नाही.

हे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातले केस आणि श्वासनळीतला चिकट थर त्यांना अडवू शकत नाही, ते थेट शेवटच्या हवेच्या पिशवीपर्यंत जातात. तिथे ते काय करतात, याबद्दल २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेच्या संशोधकांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. आधी समजूत अशी होती की धूर पेशींच्या जनुकांत बिघाड करतो आणि त्यातून गाठ होते. त्यांना दिसलं की असे बिघाड असलेल्या पेशी निरोगी माणसांच्या फुप्फुसातही असतात. वयानुसार त्या साठत जातात आणि बहुतेकींचं पुढे काही होत नाही. सूक्ष्म कण आत गेले की फुप्फुसातल्या संरक्षक पेशी चिडतात, सूज आणणारी द्रव्यं सोडतात, आणि त्या सुजेत ही निजलेली पेशी वाढू लागते. तुम्ही चुलीवर स्वयंपाक केला आहे, म्हणून तुम्हाला हे पटकन समजेल. निखारा राखेखाली आधीच असतो, धूर फुंकणीचं काम करतो.

या शोधात मुख्यतः ईजीएफआर नावाच्या जनुकातला बिघाड तपासला होता. न ओढणाऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात हाच बिघाड पुष्कळदा सापडतो. भारतात या प्रकारच्या कर्करोगात साधारण पाव ते एकतृतीयांश रुग्णांत तो असतो. सासूबाईंच्या उपचाराशी याचा थेट संबंध आहे, म्हणून ते पुढे सविस्तर सांगते.

आता कंपनी की चूल. इथे मला तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट बदलावीशी वाटते. धूर कुठून निघाला हे आपण आधी विचारतो, पण नाकापासून तो किती अंतरावर निघाला आणि किती वर्षं, हे जास्त महत्त्वाचं आहे. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, २०२० मध्ये वारले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं होतं. त्यांचा एक ढोबळ नियम आहे: घरात सोडलेला एक ग्रॅम धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता, बाहेर उंच धुराड्यातून सोडलेल्या एका ग्रॅमपेक्षा हजारपट असते. बाहेरचा धूर वाऱ्यावर विरतो. पडवीतल्या चुलीचा धूर तिथेच बसलेल्या बाईच्या तोंडावर येतो.

चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात पीएम २.५ कित्येक शेकडा, कधी हजाराच्या वर जातं. आपल्या देशाचं मानक वर्षाच्या सरासरीला ४० आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःचं मानक ५ वर आणलं. सासूबाई पंधरा-सोळाव्या वर्षी चुलीपुढे बसल्या असतील असं धरलं, तर गॅस येईपर्यंत पस्तीसएक वर्षं होतात. सकाळची भाकरी, दुपारचा भात, संध्याकाळचं पाणी, भाताचे दिवस आले की तासन् तास उकडण. आणि फुंकणी लावायची तर तोंड धुराच्या अगदी जवळ.

कोकणातलं एक वैशिष्ट्य बाहेरच्या अभ्यासांत सापडत नाही, ते मी माझ्या रुग्णांच्या घरी जाऊन पाहिलं आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा वर्षातली सगळ्यात स्वच्छ असते. पाऊस धूळ धुऊन टाकतो, समुद्रावरून वारा येत राहतो. त्याच दिवसांत घरातली हवा सगळ्यात वाईट असते. आगोटीला भरलेली लाकडं दमट होतात, खिडक्या झडीमुळे बंद असतात, नारळाची सोडणं आणि करवंट्या धुमसत राहतात, आणि लवकर पेटावं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी किंवा रॉकेल टाकलं जातं. जुन्या कौलारू घरात धूर निदान कौलांच्या फटींतून निघून जायचा. आता वर स्लॅब पडला, मागच्या पडवीला पत्रे लागले आणि चूल मात्र तिथेच राहिली. घर पक्कं झालं, धुराची वाट बंद झाली. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे खोकल्याच्या बायका वाढतात, त्यात पावसाइतकाच या धुराचा हात असतो.

याशिवाय उन्हाळ्यातली भाजावळ आहे. तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला पातेरा, शेण, कवळं जाळतात, पुढे डोंगरात वणवे लागतात. कुठे काजूच्या टरफलांचा धूर असतो, आणि तो फार झोंबरा. यातलं एकेक थोड्या दिवसांचं आहे, पण बेरीज होतेच.

आता माझं बोलणं कुणी असं वापरू नये की चुलीमुळे होतं म्हणजे कंपन्या सुटल्या. कंपनीचा धूर टनांत निघतो, आणि त्यातला माल वेगळा असतो. लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा, तारापूर या आपल्या किनारपट्टीवरच्या रासायनिक वसाहती. अशा ठिकाणी वापरली जाणारी द्रावकं हवेत उडतात. त्यांतल्या बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. तो लाकडाच्या धुरातही असतो, पण कारखान्यातल्या कामगाराला त्याची मात्रा अनेक पटींनी मिळू शकते. वसाहतीत सगळ्यात मोठा धोका आधी कामगाराला, मग कुंपणालगतच्या वाडीला, मग तीन किलोमीटरवरच्या गावाला, अशी ही उतरंड आहे.

वासाबद्दल दोन शब्द. वास येतो तेवढं सगळं कर्करोग करणारं नसतं. सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या वायूनेही येतो. उलट, डिझेलचे सूक्ष्म कण किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू यांना वास नसतो. रात्री वास जास्त येण्याला एक साधं कारणही असू शकतं. दिवसा खारे वारे समुद्राकडून डोंगराकडे जातात, रात्री मतलई वारे उलटे फिरतात. तुमचं गाव वसाहतीच्या पश्चिमेला असेल तर रात्रीचा वारा तिकडूनच येणार. शिवाय थंडीच्या रात्री खोऱ्यातली गार हवा तळाशी बसते आणि वरच्या ऊबदार थराखाली धूर कोंडतो. पहाटे शेतांवर धुराचा पट्टा तरंगताना तुम्ही पाहिला असेल. पण कुणी मुद्दाम रात्री धूर सोडतं का, हे तपासायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. त्यासाठी गावाने वासाची वही ठेवावी: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, किती जणांना त्रास. दोन-तीन महिन्यांची अशी वही ग्रामसभेच्या ठरावासोबत गेली, तर "कायम वास येतो" या तक्रारीपेक्षा तिला वजन येतं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेन्झीन आणि बेन्झोपायरिन (धुरातलं कर्करोग करणारं एक द्रव्य) यांच्याही मर्यादा दिल्या आहेत. त्यांचं मापन झालं का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नुसत्या धुळीचे आकडे हातात देऊन परत पाठवलं तर समाधान मानू नका.

तुमचे पती वसाहतीत कामाला असतील, तर कामाचे कपडे घरी आणून इतर कपड्यांत धुऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत नवऱ्याचे कपडे झटकणाऱ्या बायकांना छातीच्या आवरणाचा कर्करोग झाल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत, आणि तो व्हायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. आपल्याकडचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचेच असतात. छपरावर धड असताना ते फारसं काही करत नाहीत. कोरडे कापणं, भोकं पाडणं, वादळात फुटलेले तुकडे झाडूने गोळा करणं, यात तंतू उडतात. तुकडे आधी पाण्याने भिजवा आणि मगच उचला.

गाव सोडायचं का? ताई, मी सोडायला सांगणार नाही. हवेचा कर्करोगातला वाटा शहरात गेल्यानं कमी होईलच असं नाही. मुंबईत महामार्गालगतच्या खोलीत मुलांना डिझेलचा धूर तुमच्या गावापेक्षा जास्त मिळू शकतो. गाव, शेत आणि माणसं सोडण्याआधी रोज नाकापाशी निघणारा धूर बंद करा, तो तुमच्या हातात आहे. पण वही आणि मापन दाखवतं आहे की वसाहतीतून सतत घातक द्रव्य येतंय आणि तुमचं घर कुंपणालगत आहे, तर माझं उत्तर वेगळं असेल.

धूर बंद करण्यानं फरक पडतो का, याचा पुरावा आहे. चीनमधल्या श्वानवेई भागात घराघरात दगडी कोळसा उघड्या आगीवर जाळायचे आणि तिथल्या न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाचा कर्करोग प्रचंड होता. काही घरांनी धुराड्याच्या चुली बसवल्या. नंतर हजारो लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्या घरांत हा कर्करोग जवळपास निम्म्यानं कमी झालेला दिसला. फरक दिसायला दहाएक वर्षं लागली. कोळसा आणि आपलं लाकूड एकच नाही, तरी धूर घराबाहेर नेण्याला अर्थ आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

म्हणून पाण्याची चूल घराबाहेर, उघड्यावर काढा, किंवा तिला कौलांच्या वर जाणारं धुराडं लावा. पावसाळ्यासाठी लाकडं मार्च-एप्रिलमध्येच फोडून, उंचावर, छपराखाली रचा. पेटवायला प्लॅस्टिक कधीच नको, त्यातून डायॉक्सिनसारखी द्रव्यं निघतात आणि तीही पहिल्या गटात आहेत. गुरं असतील तर गोबरगॅसचा विचार करा. सिंधुदुर्गात कितीतरी घरांत तो चांगला चालतो. सिलिंडर महाग पडतो म्हणून चूल चालू राहते, हे मला माहीत आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, जोडणी घरोघर पोहोचली, पण भरलेला सिलिंडर दर महिन्याला परवडणं ही वेगळी गोष्ट आहे. मग निदान रोजचा स्वयंपाक गॅसवर आणि लाकूड फक्त बाहेरच्या आगीसाठी, एवढी वाटणी ठेवा. भाजावळीच्या वेळी मुलांना आणि सासूबाईंना धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला ठेवा. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, म्हणून वसाहतीच्या वासावर तो उपाय नाही.

मुलांचे एक्स-रे काढू नका, सीटी तर नाहीच. धूर श्वासात गेलेल्या निरोगी मुलांत एक्स-रेने काही हाती लागत नाही आणि किरणोत्सर्ग मात्र मिळतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले होते. पण त्यात घेतलेली माणसं ५५ ते ७४ वयाची, रोज एक पाकीट याप्रमाणे ३० वर्षं किंवा त्याहून जास्त सिगारेट ओढलेली होती. मुलांना सारखा खोकला, छातीत सूं-सूं असेल तर दम्याची तपासणी करा. धुरामुळे मुलांना होणारा खरा त्रास तो आहे.

घरात कुणी मशेरी लावतं का, हेही पाहा. तिचा कर्करोग तोंडाचा, पण तवा तापवून तंबाखू भाजताना घरभर जो धूर होतो तो सगळ्यांच्या छातीत जातो. आमच्या भागातल्या बायका हे डॉक्टरला आपणहून सांगत नाहीत, म्हणून मी नेहमी विचारते.

आता सासूबाईंचं. चार महिने खोकला म्हणजे बहुधा आधी क्षयाची औषधं चालू होती. हे आपल्याकडे फार होतं. एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसतात, आणि क्षय इतका सर्रास आहे की डॉक्टरचा हात तिकडेच जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका काकींना थुंकीत जंतू न सापडताही चार महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. एक्स-रेवरची सावली कमी होत नव्हती, तरी मी वाट पाहत राहिले. त्या काकी मला अजून आठवतात. तेव्हापासून थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी नकारात्मक असेल आणि सहा-आठ आठवड्यांत एक्स-रे सुधारत नसेल, तर मी सीटी आणि तुकड्याची तपासणी पुढे ढकलत नाही. तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलेलं असेल तर त्यांना हे सांगा.

केमोथेरपी सुरू होण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: तुकड्यावर ईजीएफआर, अल्क आणि रॉस-१ या जनुकांच्या तपासण्या झाल्या का? ईजीएफआरचा बिघाड सापडला तर रोज एक गोळी घ्यायचा उपचार असतो. जेफिटिनिब जेनेरिक स्वरूपात मिळतं, ऑसिमर्टिनिब त्यापेक्षा जास्त परिणामकारक पण महाग. गोळी रोग मुळापासून घालवते असं नाही, पण पुष्कळ रुग्ण तिच्यावर दीर्घकाळ चांगले हिंडते-फिरते राहतात, आणि शिरेतून द्यायच्या केमोथेरपीपेक्षा शरीराला ती सोसते. पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी विचारा, जमीन गहाण टाकण्याच्या आधी.

तोवर पाणी तापवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, सासूबाईंना चुलीपाशी बसू देऊ नका. त्या ऐकणार नाहीत, माझ्या कुठल्याच काकी ऐकत नाहीत, पण आग्रह धरा. आणि त्यांचे जुने एक्स-रे, अगदी पाच-सहा वर्षांपूर्वीचे असले तरी, माळ्यावर असतील तर शोधून ठेवा. गाठ किती वेगाने वाढली हे पाहायला उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते लागतील.